न्हाणीची जाळी

अमळनेरला भिकननानांच्या शेडमध्ये पाण्याची जळालेली मोटार घेऊन येणारा माणूस सगळ्यात आधी एक गोष्ट शिकतो. नानांचे ओठ हलत असतील तेव्हा बोलायचं नाही. नाना तेव्हा वेढे मोजत असतात. तांब्याच्या तारेचे वेढे, एका कॉइलला कधी साठ तर कधी दीडशे. मशीनला आकडा दाखवणारा मीटर आहे, पण नाना त्याच्याकडे बघत नाहीत. भिकन बडगुजर, वय एकसष्ट. अशा मोटारी नव्या तारेने भरण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. 'ही नानांनी भरलेली आहे' एवढं सांगितलं की तालुक्यात जुन्या मोटारीलाही गिऱ्हाईक मिळतं.

आकडा हुकला तर सगळी कॉइल उलगडायची आणि एकपासून सुरू करायचं, हा त्यांचा नियम. पण त्यांचा आकडा हुकत नाही. तो सारखा हुकायचा असा एकच काळ होता, आणि त्याला आता एकोणतीस वर्षं झाली.

शेड घराच्या मागच्या अंगणात आहे, न्हाणीच्या भिंतीला लागून. त्या भिंतीत डोक्याच्या वर सिमेंटची चौकोनी जाळी होती आणि जाळीच्या खाली नानांचं टेबल. मुलीचा, सुलक्षणाचा जन्म झाला, सव्वा महिन्यांनी नानांची बायको ताईबाई तिला घेऊन माहेराहून परत आल्या, आणि रोज सकाळी नऊच्या सुमाराला त्या जाळीतून आवाज यायला लागले. आधी पाण्याचा, मग पोरीच्या रडण्याचा, मग ताईबाईंचा. पोरीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना ताईबाई तिच्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलायच्या. आज भाजी काय करू, शेजारणीने वाटी अजून परत केली नाही, तुझा बाप कालपासून फुगून बसलाय. मध्येच पोर हसायची. नानांचा आकडा तिथेच जायचा.

"ऐकस का! जरा हळू बोल ना. आकडा गया मन्हा!"

"गया ते परत मोज," जाळीतून उत्तर यायचं. "पोर काय दरसाल धाकली ऱ्हाई?"

नाना रागावल्याचं दाखवत तार उलगडायला घ्यायचे. त्या वर्षी जितक्या कॉइली त्यांनी दोनदा भरल्या, तितक्या पुन्हा कधी भरल्या नाहीत.

ताईबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली. सुलक्षणा लग्न होऊन धुळ्याला गेली. जाळी जागेवर होती, पण मुकी. सुली पाच-सहा वर्षांची असताना एका कडाक्याच्या थंडीत ताईबाईंनी तिच्यात जुन्या हिरव्या साडीचा बोळा कोंबला होता. थंडी गेली, बोळा काढायचा राहिला, आणि मग तो तिथलाच झाला. वाफ आतल्या आत जिरत गेली. छत काळं पडलं, कोपऱ्यात बुरशी चढली, रंगाचे पोपडे सुटले. एकट्या माणसाला आंघोळ उरकायला दहा मिनिटं पुरतात. नानांनी कधी मान वर करून बघितलं नाही.

बघितलं ते सुलीच्या सासूबाईंनी. दिवाळीनंतर सुनंदाबाई सुलीला घेऊन जेवायला आल्या होत्या. सुलीला तेव्हा सहावा महिना लागलेला. जेवण झाल्यावर सुनंदाबाई हात धुवायला न्हाणीत गेल्या आणि नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

"याही, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "भरीत झकास होतं. पण ही न्हाणी बाळंतिणीची नाही. डोक्यावर बुरशी, भिंतीला ओल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे मला कळतं. पण तुमच्या घरात बाईमाणूस नाही. माझ्याकडे धुळ्याला सगळी सोय आहे."

"अक्का येणार आहे ना दोंडाईच्याहून. चांगली सव्वा महिना राहणार आहे," नानांनी सांगून टाकलं. कोकिळाअक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"आणि न्हाणी?"

"न्हाणी संक्रांतीच्या आत नवी करतो."

सुनंदाबाईंनी जरा विचार केला. बाई तोंडाने कडक होती, मनाने वाईट नव्हती. "करा. बघते मी. सगळं ठीक दिसलं तर पौष सरला की सुली तुमची."

निघताना सुली चपला घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळली. "नाना, मला इथेच यायचंय," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तेवढं न्हाणीचं बघा."

त्या संध्याकाळी नाना टेबलाशी बसले, पण मशीनला हात लावला नाही. जाळीकडे बघत बसले. सकाळचे नऊ, पाण्याचा आवाज, रडणं आणि मग हसणं. त्यांना हवं होतं ते एवढंच होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाने, मला माझ्या नातवंडाची आंघोळ भिंतीपलीकडून ऐकायची आहे, असं कुणाला कसं सांगावं?

दुसऱ्या दिवशी ते स्टेशन रोडला श्रेयांसच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकान त्याच्या आजोबांचं, भंवरलालजींचं. हा नातू इंजिनिअर होऊन गल्ल्यावर बसला होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला हिशोब करून दाखवल्याशिवाय माल देत नव्हता.

"नाना, खोली केवढी?"

"पाच बाय सात. उंची साडेआठ."

श्रेयांसने मोबाइलवर गुणाकार केला. "तीनशे घनफूट धरा. तासाला आठ-दहा वेळा आतली हवा बदलली म्हणजे बास. सहा इंची एक्झॉस्ट घ्या. पंख्याच्या समोरच्या बाजूने हवा आत यायला जागा ठेवा, आणि आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू राहू द्या. बुरशी परत आली तर दुकानात येऊन मला शिव्या घाला."

नानांनी सहा इंची पंखा हातात घेतला, पाती बोटाने फिरवली आणि हसून परत ठेवला. "हे खेळणं तुझ्या पोराला दे. माझ्याकडे बारा इंची लोखंडी पडलाय, जिनिंगमधला. मी स्वतः भरलाय. टोपी उडवतो माणसाची."

"उडवेल हो. पण नाना, तो हवा बाहेर फेकणार, तर आत कुठून येणार?"

"येईल कुठून तरी."

"कुठून तरी म्हणजे कुठून?"

तेवढ्यात कुणीतरी नळाची तोटी मागायला आलं आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

कोकिळाअक्का आठवड्याने आली, भावाने न विचारता कबूल केलेल्या सव्वा महिन्याची तयारी आधीपासून करायला. चार डबे, दोन गोधड्या, बाळंतशेपा, ओवा, डिंक. आल्या आल्या ती न्हाणीत शिरली. गवंडी तोताराम तिथे जुना गिलावा पाडत होता. वरच्या भिंतीत पंख्यासाठी त्याने पाडलेलं भोक बघून अक्काने कपाळाला हात लावला.

"भिकन, तू पोरनं बाळंतपण करी राह्यना का मोटारनं?"

"पंखा नको का, अक्का? वाफ जायला पाहिजे. बुरशी..."

"पंखा लाव. पन बाकी बठ्ठी भोकं बुजी टाक. बाळंतीणले वारा लागी गया ते जनमभर डोकं दुखस. चार बाळंतपनं करेल शे मी. तू मोटारी बांध, न्हाणनं माले सांगू नको."

अक्का सांगेल ते ऐकायची नानांना जन्मापासूनची सवय. त्यांच्या आधीचे तीन भाऊ जगले नव्हते. चौथ्याच्या वेळी आईने पाच घरी पदर पसरून भीक मागितली, म्हणून नाव भिकन. त्या पाचही घरी आईचं बोट धरून सहा वर्षांची कोकिळा फिरली होती. तुला मी मागून आणलाय, असं ती अजूनही ऐकवते.

जाळी बुजवायचा दिवस आला. नानांनी स्टुलावर चढून बोळा ओढला. साडीचा हिरवा रंग बाहेरच्या बाजूने पार विटलेला होता, आतल्या घडीत अजून जसाच्या तसा होता. बोळा निघाल्याबरोबर शेडमधला उजेड न्हाणीत आला आणि फरशीवर चौकोन चौकोन पडले.

"ही एवढी ठेवली तर?" नाना म्हणाले.

तोताराम घमेलं घेऊन उभा होता. "नाना, माल वाळतोय. काय ते लवकर सांगा."

अक्काने दारातूनच सांगितलं, "बुज."

नानांनी साडीचा तुकडा झटकला आणि खिशात ठेवला. "बुज," तेही म्हणाले. आवाज नाही आला तर नाही, पोर तर येईल. तोतारामने विटा बसवल्या, वरून पांढऱ्या टाइल्स लावल्या. जाळी कुठे होती ते पुढे नानांनाही हाताने चाचपून शोधावं लागलं असतं.

मग कामाने वेग घेतला. गॅसचा गिझर आतल्या भिंतीवर बसला, कारण तोतारामच्या म्हणण्याप्रमाणे सगळेच आत लावतात. दार फायबरचं आलं, त्याच्या खालच्या फटीला अक्काने रबराची पट्टी मारून घेतली. बारा इंची पंखा वर बसला. बाहेरून त्याला झडप, म्हणजे बंद असताना वारा आत नको. संक्रांतीच्या दोन दिवस आधी अक्काने मोबाइलवर फोटो काढून धुळ्याला पाठवले. तासाभराने सुनंदाबाईंचा फोन आला.

"याही, न्हाणी आहे की हॉटेल? आता मला बोलायला जागाच ठेवली नाही तुम्ही. पौष संपला की पुढच्या गुरुवारी ज्ञानेश्वर सोडायला येईल सुलीला."

ज्ञानेश्वर म्हणजे जावई. नानांनी फोन ठेवला आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले. गुरुवारपर्यंत किती दिवस ते बोटांवर मोजलं. हा आकडा त्यांनी दिवसातून तीनदा मोजला असेल. सुलीशी रोज बोलणं होत होतं. कशी आहेस विचारलं की ती म्हणायची, बरी आहे, फक्त आंघोळ झाली की डोकं जड होतं. डॉक्टर म्हणतात अशा दिवसांत होतं तसं.

नव्या न्हाणीत एकच खोट निघाली. पंखा लावला की गटारीचा वास यायचा.

"नवी न्हाणी अन् वास गटारना!" अक्काने तोतारामला बोलावून घेतलं. "कशी फरशी बसाडी रे तू?"

तोतारामने खालची जाळी उचलली, पाणी ओतलं, बोट घालून बघितलं. "काम चोख आहे अक्का. वास पंखा चालू केल्यावरच येतो. तुमच्या भावाचा पंखा राक्षस आहे, गटारीलाही सोडत नाही."

सगळे हसले. नानाही हसले.

गुरुवारला चार दिवस उरलेले. अक्का म्हणाली, बाळंतिणीची आंघोळ लांबते, गिझर तेवढा टिकतो का ते आधी बघू. तू न्हाऊन घे पोटभर. सकाळी आठला नाना आत गेले, दार लावलं. गिझर चालू, पंखा चालू. वास आलाच. पाच मिनिटांनी बाहेरून अक्का ओरडली, "वास येस रे घरभर!" आणि बाहेरचं बटन दाबून तिने पंखा बंद केला. नानांना काही वाटलं नाही. गरम पाणी मिळत होतं. वाफेने आरसा दिसेनासा झाला. ताईबाई असती तर म्हणाली असती, इतकं पाणी लागतं का माणसाला? असं काहीसं मनात चाललेलं, आणि हातातला तांब्या निसटला.

त्यांनी वाकून तो उचलायचा प्रयत्न केला. तांब्या दिसत होता, हात पोचत नव्हता. कानशिलं ठणकायला लागली. गिझरच्या खिडकीतली ज्योत त्यांनी लावताना निळी बघितली होती, आता ती पिवळी होऊन लवलवत होती. पाय कापसाचे झाले. नाना भिंतीला धरून खाली बसले, आणि बसल्या बसल्या दार ढकललं. ते उघडेपर्यंत किती वेळ गेला ते त्यांना सांगता येत नाही.

अक्काने आरडाओरडा केला, टॉवेल गुंडाळून त्यांना अंगणात बाजेवर आणलं, कांदा फोडून नाकाशी धरला. "उपाशी पोटी न्हायला, दुसरं काय," ती म्हणत होती. नाना आभाळाकडे बघत पडून राहिले. थंड हवा आत जात होती आणि डोकं हळूहळू आपल्या जागेवर येत होतं. अकराच्या सुमाराला ते उठले. शेडमधून कापसाचा एक पुंजका घेतला, बांबूच्या काडीला बांधला आणि न्हाणीत गेले.

"आखो कोठे जास?" अक्का ओरडली.

"गिझर बंद आहे. तू फक्त दारापाशी थांब."

दार लावून त्यांनी पंखा चालू करायला सांगितलं. कापूस पंख्याजवळ नेला. तो सरळ बाहेर ओढला जायला हवा होता. तसा तो ओढला गेला नाही. एकदा बाहेर, एकदा आत, नुसता फडफडत राहिला. दाराच्या फटीशी नेला, तिथे हलेनाच. मग खाली फरशीच्या जाळीवर धरला. कापूस ताठ वर उठला. हवा गटारीतून येत होती, कारण यायला दुसरी वाट ठेवलीच नव्हती. नानांनी दार चार बोटं किलकिलं करून कापूस त्या फटीशी धरला. तो लगेच आतल्या बाजूला झुकला, पंख्याचा आवाज मोकळा झाला, वास गेला.

नाना काडी हातात धरून तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांत किती शेतकऱ्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं, की बाबा, विहिरीतला व्हॉल्व्ह चोंदला असेल तर मोटार कितीही जोराची असो, फिरेल आणि जळेल, पाणी काही येणार नाही. आधी येणारी वाट बघ. पाण्याच्या बाबतीत जे त्यांना झोपेतही कळलं असतं, ते हवेच्या बाबतीत सुचलं नव्हतं. कुठून तरी म्हणजे कुठून, असं त्या पोराने विचारलं होतं. आणि पंखा बंद झाल्यावर तर काहीच उरलं नाही. गिझरने आतलीच हवा जाळली आणि त्याचा विषारी वायू तिथेच कोंडला. ओल्या अंगाच्या बाळंतिणीला आणि बारा दिवसांच्या बाळाला ते इथे बसवणार होते.

दोन दिवसांचं काम होतं. गिझर बाहेर अंगणाच्या भिंतीवर न्यायचा, दाराच्या खालच्या भागात झिरमिळ्यांची जाळी कापायची, वर सहा इंची पंखा. गुरुवारच्या आत सहज झालं असतं. कुणाला कळलंही नसतं. तोतारामला फोन लावायला त्यांनी मोबाइल घेतला आणि हात थांबला.

आंघोळ झाली की डोकं जड होतं, नाना.

धुळ्याच्या घरची न्हाणी त्यांनी ओटीभरणाच्या दिवशी बघितली होती. गिझर आत. सरकत्या खिडकीच्या फटींना थंडीसाठी चिकटपट्टी. दाराला खाली रबर. सगळी सोय.

सुलीला नुसतं सांगितलं असतं की गिझर बंद कर, तर सुनंदाबाईंनी विचारलं असतं, का? दोन वर्षं वापरतोय, कुणाला काय झालं? त्या 'का'ला एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर दिल्यावर गुरुवार उरणार नव्हता. नाना बाजेवर बसले. खिशातला हिरवा तुकडा हाताला लागला, तो बोटांत चुरगाळला. मग फोन लावला.

सुलीला त्यांनी सगळं सांगितलं. तांब्या, पिवळी ज्योत, कापूस. 

"नाना, तुम्ही बरे आहात ना आता?"

"मी बरा आहे. तू आंघोळ केलीस?"

"सकाळीच."

"आता त्या गिझरचं पाणी नको घेऊ. शेगडीवर तापवून घे. आणि दार उघडं टाक."

फोन सुनंदाबाईंच्या हातात गेला. "याही, मी हे काय ऐकतेय? तुमच्याच न्हाणीत तुम्हाला चक्कर आली, आणि गुरुवारी तिथे सून पाठवू मी?"

आपण ते दोन दिवसांत नीट करणार आहोत, हे वाक्य नानांच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मग सून तिकडे गेली की आपल्या न्हाणीचं बघू, असं म्हणून धुळ्याचं काम राहिलं असतं, आणि त्या घरात ज्ञानेश्वर होता, सुनंदाबाई होत्या.

"नका पाठवू," ते म्हणाले. "पण तुमचा गिझर आत्ताच्या आत्ता बंद करा. अक्काची शपथ घालतो तुम्हाला. मी उद्या सकाळी पोचतो."

अक्का दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "मी बुज म्हने, म्हनून झायं का हाई?"

"नाही अक्का. पंखा माझा होता."

ती आत गेली आणि कांदे चिरायला बसली. 

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नाना आणि तोताराम धुळ्याला निघाले. पिशवीत छिन्नी-हातोडा, ड्रिल, झिरमिळ्यांची जाळी आणि श्रेयांसचा सहा इंची पंखा.  पंखा बांधून देताना श्रेयांसने एवढंच विचारलं होतं, "हवा कुठून येणार, नाना?" आणि नानांनी दाराच्या खालच्या भागाकडे बोट दाखवलं होतं.

देवपूरच्या त्या घरात सुनंदाबाई तोंड फुगवून बसल्या होत्या. नानांनी वाद घातला नाही. कापसाची काडी त्यांच्याच हातात दिली, न्हाणीत उभं केलं, दार लावलं, त्यांचा आधीचा पंखा चालू केला. कापूस फरशीच्या जाळीवर ताठ उभा राहिला.

"अगं बाई," आतून आवाज आला. "हा तर गटारीचा वारा."

मग काम सुरू झालं. गिझर मागच्या उघड्या गॅलरीत गेला, तिथून गरम पाण्याचा नळ आत आला. जाळी दाराच्या तळाशी, पंखा समोरच्या भिंतीवर उंच. सुनंदाबाईंना काळजी वाऱ्याचीच होती. नानांनी पाट कोपऱ्यात ठेवून दाखवला. जाळीतून येणारी हवा खालून जाते, पाटावर बसलेल्या बाईला झोत लागत नाही. न्हाताना पंखा बंद ठेवा, न्हाऊन झालं, बाळ गुंडाळून बाहेर नेलं की मग वीस मिनिटं लावा. आणि धुरीची शेगडी न्हाणीत नाही, पुढच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून. सुनंदाबाईंनी हे सगळं दोनदा म्हणून घेतलं, पाठ करायचं असल्यासारखं.

सुली दाराला टेकून उभी होती. पोट बरंच पुढे आलेलं. "नाना, तुमच्या न्हाणीचं काय?"

"होईल ती पण."

"मी आले असते."

"मला माहीत आहे ना."

आठवड्याभरात तिचं डोकं दुखायचं थांबलं. ज्ञानेश्वरने फोन करून ते सांगितलं. सुनंदाबाईंनीही फोन घेतला. मात्र गुरुवारबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या ते वेगळंच. "याही, तुमच्या अक्का तिथे रिकाम्या बसल्यात ना? त्यांना इकडे पाठवा. माझ्या एकटीच्याने सव्वा महिना निभायचा नाही."

अक्का डबे, गोधड्या, बाळंतशेपा घेऊन धुळ्याला गेली.

अमळनेरच्या घरात नाना एकटे राहिले. तोतारामने येऊन गिझर बाहेर काढला, दाराला जाळी लावली, पंखा बदलला. मग नानांनी त्याला भिंतीवरची एक टाइल दाखवली.

"इथे फोड."

"नाना, लोक भोकं बुजवायला बोलावतात मला. दाराला जाळी झाली ना, आता कशाला?"

"फोड तू."

विटा निघाल्या. जुनी सिमेंटची जाळी मागे शाबूत होती. शेडमधला उजेड फरशीवर आला, चौकोन चौकोन.

फाल्गुनात सुलीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाना धुळ्याला गेले. पोचले तेव्हा नऊ वाजत आलेले, आणि आंघोळीची वेळ. ज्ञानेश्वरने त्यांना पुढच्या खोलीत बसायला सांगितलं. नाना न्हाणीबाहेरच्या बोळातच भिंतीला टेकून बसले. हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. पिशवीत एका टेबल फॅनची कॉइल आणलेली होती, तार आणि लाकडी साचा होता. त्यांनी वेढे घ्यायला सुरुवात केली.

दाराच्या तळाशी जाळी. तिच्यातून आधी पाण्याचा आवाज आला. मग रडणं.

"पाणी गरम शे, थांब," अक्का म्हणत होती.

"गरम नाही हो, बरोबर आहे. मी कोपर घालून बघितलंय."

"तुन्हं कोपर जाड शे, विहीनबाई."

सुली हसली. मग ती खालच्या आवाजात पोरीशी बोलायला लागली. काय गं, कुणाला घाबरतेस, आजीला? या दोन्ही आज्या अशाच आहेत. आणि बाहेर कोण बसलंय माहीत आहे का? मध्येच पोर थांबली आणि तिने एक आवाज काढला. बारा दिवसांचं मूल हसत नाही हे नानांना माहीत होतं. त्यांचे ओठ तरीही थांबले. सत्याऐंशी होते की अठ्ठ्याऐंशी?

"नाना," आतून सुलीने हाक मारली, "आकडा गेला ना?"

"गया," नाना म्हणाले.

त्यांनी तार उलगडायला घेतली. आतून पाणी पडत होतं. एक, दोन, तीन. पुन्हा हुकला. आंघोळ संपेपर्यंत एक कॉइल पुरी झाली नाही.

मुलीचं नाव दुपारी ठेवलं गेलं. संध्याकाळच्या एसटीने नाना परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाऊन पंखा लावला, बाहेर येऊन शेडमधून जाळीसमोर कापूस धरला. तो आत झुकला. हवा जात होती, चांगली जात होती. सुलीने उन्हाळ्यात येते म्हटलं होतं, बाळाचं सगळं आवरलं की. नानांनी काडी जाळीच्या एका चौकोनात खोचून ठेवली आणि टेबलाशी बसले. नऊ वाजले. जळगावकडच्या एका शेतकऱ्याची मोटार होती, दीडशे वेढ्यांच्या कॉइली. जाळीतून फक्त पंख्याची घरघर येत होती. वीस मिनिटांनी त्यांनी उठून ती बंद केली.

त्या दिवशी त्यांनी सहा कॉइली भरल्या. आकडा एकदाही हुकला नाही.